उघाडीवरची पाणीपातळी आणि बफरात अडकलेले बाइट : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आजपासून नोंदी ठेवतो. काम असं आहे: गावच्या खारबांधावर (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर) जी उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडपांची वाट आहे, तिच्या दोन्ही बाजूंची पाण्याची पातळी दर मिनिटाला मोजून फाइलमध्ये लिहायची. बांधाबाहेर खाडी, म्हणजे शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते त्याच्या बरंच आत. बांधाच्या आत खाजण (खारवट सखल जमीन) आणि त्याला लागून भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं. भरतीचं पाणी उघाडीच्या झडपा दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याच झडपा ढकलून बाहेर पडतं. आबा कितीतरी वर्षं या उघाडीकडे बघतात. त्यांचं म्हणणं, एक झडप नीट बसत नाही, उधाणाला खारं पाणी आत शिरतं. गेल्या वर्षी खालच्या कुणग्यांतलं भात पिवळं पडून गेलं. पण नुसतं सांगून दुरुस्ती होत नाही, आकडे दाखवावे लागतात.

मांडणी: उघाडीवर पेटीत आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि दोन अल्ट्रासॉनिक सेन्सर. तिथून आबांच्या पडवीपर्यंत साधारण १८० मीटर केबल, आरएस-४८५ वर (लांब तारेवरून सिरियल डेटा पाठवायची पद्धत), ९६०० बॉड वेगाने. पडवीत रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), त्यावर मी लिहिलेला सी प्रोग्राम. आर्डुइनो दर सेकंदाला एक ओळ पाठवतो: बाहेरची पातळी चार अंकी, स्वल्पविराम, आतली चार अंकी, नवी ओळ. दहा बाइट. प्रोग्राम मिनिटभराच्या साठ ओळींतला मधला आकडा घेतो आणि तारीख-वेळेसकट एक नोंद लिहितो.

आबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. आज शुक्ल चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. सेन्सरवरही माथा तीनच्या आसपासच दिसला. आबांना सेन्सरबद्दल विश्वास वाटू लागला तो या आकड्यामुळे.

१२ जून

मी धरून चाललो होतो की पोर्टवरून एकदा वाचलं, म्हणजे रीड केलं, की एक ओळ मिळेल. तसं होत नाही. सिरियल पोर्ट हा बाइटांचा ओघ आहे. ओळ कुठे संपते हे त्याला माहीत नसतं, ते आपण ठरवलेलं असतं. आज छापून पाहिलं तर एका रीडला ‘०१’ एवढंच आलं आणि पुढच्याला ‘४७,००९२’, नवी ओळ आणि वर पुढच्या ओळीचं पहिलं शून्य. माझा प्रोग्राम ‘०१’ ला एक सेंटिमीटर समजून बसला होता.

म्हणजे बफर हवा, आलेले बाइट तात्पुरते ठेवायची मेमरीतली जागा. आलेले बाइट आधीच्या शेपटीला जोडायचे, त्यात नवी ओळ सापडली तर तिथपर्यंतचा मजकूर वापरायचा, उरलेलं शेपूट पुढच्या फेरीसाठी ठेवायचं. २५६ बाइटांचा बफर आणि ‘भरलेले’ नावाचा एक आकडा, एवढ्यावर काम भागतं.

चुलतभावाने विचारलं, कर्नलकडूनच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) पूर्ण ओळ का घेत नाहीस? कॅनॉनिकल मोडमध्ये ती सोय आहे. पण त्या मोडला वाटतं की समोर माणूस टाइप करतो आहे. केबलवर कचरा आला आणि त्यात खोडायचा किंवा ओळ पुसायचा कंट्रोल बाइट निघाला, तर कर्नल खरंच मागचं पुसून टाकेल. बाइट जसेच्या तसे देणारा रॉ मोडच बरा.

१५ जून

शेपूट बफरच्या तोंडाशी सरकवायला मी मेमकॉपी (मेमरीतले बाइट दुसऱ्या जागी नकलणारं सी चं फंक्शन) वापरलं होतं. लॅपटॉपवर तीन दिवस एकही चूक नाही. पायवर आज दोनदा आकडे विस्कटलेले आले, एकाच ओळीत तेच अंक पुन्हा पुन्हा.

कारण समजायला आठ खणांचा कागद काढला. खणांत क ख ग घ च छ ज झ. पहिली दोन अक्षरं वापरून झाली, उरलेली सहा दोन घरं डावीकडे आणायची. ‘ग’ पासून सुरुवात केली तर सगळं नीट जागेवर बसतं. आता तीच सहा अक्षरं शेवटाकडून हलवू. आधी ‘झ’ उचलून ‘छ’ च्या घरात ठेवला, मग ‘ज’ उचलून ‘च’ च्या घरात. पुढे ‘छ’ उचलायला गेलो तर त्याच्या घरात आधीच ‘झ’ बसलेला. तोच उचलला जातो. शेवटी कागदावर उरतं: ज झ ज झ ज झ ज झ. रेशनच्या रांगेत पुढचा माणूस आधी सरकतो म्हणून कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. मागच्याने आधी पाऊल टाकलं तर धक्काबुक्की होणारच.

मेमकॉपी पुढून सुरू करेल की मागून, की एका दमात सोळा-सोळा बाइट उचलेल, याचं कसलंही वचन सी भाषा देत नाही. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत असतील तर वर्तन अनिश्चित, असं मानकात स्पष्ट आहे. त्या प्रसंगासाठीच मेममूव्ह दिलेलं आहे. दोन्ही पत्ते बघून सुरक्षित दिशा तेच ठरवतं.

ही चूक फार जुनी आणि फार पसरलेली. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ या लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीमधली मेमकॉपी वेगासाठी बदलली गेली आणि काही प्रोसेसरांवर ती मागून पुढे नकल करू लागली. फ्लॅश प्लेअरमध्ये नेमकी अशीच एकमेकांवर येणारी नकल होती, त्याचा आवाज खरखरायला लागला. त्या बगच्या चर्चेत लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्सही उतरले होते. लायब्ररी नियमाप्रमाणे बरोबर होती, तरी लोकांचे चालू प्रोग्राम बिघडले. ‘माझ्या मशीनवर चालतं’ याला सी मध्ये पुरावा मानू नये, हे मी आज मनावर घेतलं.

लॅपटॉपवर तोच प्रोग्राम व्हालग्रिंड या मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली चालवला. पहिल्याच मिनिटात त्याने ओळ दाखवली: मेमकॉपीत मूळ आणि लक्ष्य एकमेकांवर येतात. हे पाचव्या मिनिटाला करायचं काम होतं, मी पाचव्या दिवशी केलं.

१६ जून

मेममूव्ह घातलं. सरकवण्याची पद्धतही बदलली. आधी एकेक ओळ वापरली की लगेच बाकीचा बफर सरकवत होतो. एका रीडमध्ये वीस ओळी आल्या तर तेच शेवटचे बाइट वीस वेळा हलायचे. आता बफरात जेवढ्या पूर्ण ओळी आहेत तेवढ्या एक बोट पुढे नेत वाचतो आणि सगळ्या संपल्या की उरलेलं शेपूट एकदाच तोंडाशी आणतो. बहुतेक वेळा ते दहा बाइटांहून कमी असतं. शेपूट उरलंच नाही तर काही हलवायचंच नाही, ‘भरलेले’ शून्य करायचं.

रिंग बफर करावा का, यावर संध्याकाळ घालवली. त्यात बाइट हलत नाहीत, दोन निर्देशांक तेवढे गोल फिरतात. आर्डुइनो उनोची सिरियल लायब्ररी ६४ बाइटांचा असाच रिंग ठेवते आणि तिथे तो शोभतो, कारण इंटरप्टमध्ये (बाइट आला की हातातलं काम थांबवून चालणाऱ्या छोट्या कोडमध्ये) काही सरकवायला वेळ नसतो. माझ्याकडे मात्र ओळ हवी, आणि ती रिंगच्या काठावर तुटली तर अर्धी शेवटी, अर्धी सुरुवातीला. जोडायला शेवटी नकल आलीच. सेकंदाला दहा बाइटांसाठी हा व्याप नको.

१९ जून

पडवीत बसवलं. सुरू.

२२ जून

काल वटपौर्णिमा झाली, आज उधाणाची भरती, पाऊसही दणकून. ज्याच्यासाठी एवढं सगळं मांडलं तो हाच दिवस. सकाळी केबलचा जोड पुन्हा आवळला आणि सहा वाजता प्रोग्राम नव्याने सुरू केला. १२.१० ला लाईट गेली. दोनच्या पुढे आली.

फाइल उघडली. शेवटची नोंद १०.१५ ची.

१०.१६ ते १२.१० म्हणजे ११५ नोंदी. भरतीचा माथा त्यातच गेला. आबा पडवीत उभे होते, काही बोलले नाहीत, नुसते खाडीकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. पुढचं उधाण अमावास्येला, दोन आठवड्यांनी.

२३ जून

रात्रभर एकच प्रश्न: प्रोग्राम तर १२.१० पर्यंत चालू होता, मग जवळजवळ दोन तासांच्या नोंदी होत्या कुठे?

फाइलचा आकार पाहिला: ८१९२ बाइट. माझी एक नोंद ३२ बाइटांची. ८१९२ म्हणजे ४०९६ ची दुप्पट, बरोबर २५६ नोंदी. तिथे उलगडा झाला.

प्रिंटएफ, म्हणजे सी चं मजकूर छापायचं फंक्शन, थेट फाइलमध्ये लिहीत नाही. ते प्रोग्रामच्याच मेमरीतल्या बफरात लिहितं आणि तो भरला की सी लायब्ररी एकदाच राईट करून तो गठ्ठा कर्नलकडे देते. स्टँडर्ड आउटपुट (प्रिंटएफ जिथे छापतं ते) टर्मिनलला जोडलेलं असलं तर लायब्ररी ओळीगणिक बफर रिकामा करते. फाइलकडे वळवलं की पूर्ण बफर भरेपर्यंत थांबते, आणि इथे तो बफर ४०९६ बाइटांचा आहे. ४०९६ भागिले ३२, म्हणजे १२८ नोंदी, २ तास ८ मिनिटं. घरी टेबलावर मी टर्मिनलवर बघत होतो, ओळ मिनिटाच्या मिनिटाला दिसायची. पडवीत आउटपुट फाइलकडे वळवलं आणि तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, दोन-दोन तास ओंजळ धरून बसू लागला.

आणखी एक गोष्ट बोचली. ३२ ने ४०९६ ला पूर्ण भाग जातो, म्हणून गठ्ठा नेमका ओळीच्या शेवटी तुटायचा. नोंद ३३ बाइटांची असती तर फाइलच्या टोकाला अर्धवट ओळ लोंबताना दिसली असती आणि १९ तारखेलाच शंका आली असती. सुबक आकारामुळे दोष झाकला गेला.

प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारं एसट्रेस लावून खात्री केली. दर मिनिटाला रीडच्या रांगा, राईट मात्र नाही. दोन तासांनी एक राईट, ४०९६ बाइटांचा.

२४ जून

फाइल आता प्रोग्राम स्वतः उघडतो आणि प्रत्येक नोंदीनंतर एफफ्लश करतो, म्हणजे बफर लगेच रिकामा करतो. सेटव्हीबफने ओळीगणिक बफरिंगही ठरवता येतं (फाइल उघडल्यावर, तिच्यावर दुसरं काहीही करण्याआधी). पण एफफ्लश उघड दिसतं आणि त्याने काय परत दिलं ते तपासता येतं. हे तपासणं महत्त्वाचं. कार्ड भरलेलं असलं तरी प्रिंटएफ यशच सांगेल, कारण त्याने फक्त मेमरीत लिहिलेलं असतं. ‘जागा नाही’ ही बातमी कळते ती बफर रिकामा करताना.

चुलतभाऊ डिप्लोमाला आहे. म्हणाला, आम्हाला प्रॅक्टिकलला स्कॅनएफच्या आधी एफफ्लश स्टँडर्ड इनपुटवर करायला शिकवतात. त्याला बसवून समजावलं. एफफ्लश आउटपुटसाठी आहे. इनपुटवर ते केलं तर काय होईल हे सी मानक सांगत नाही, काही कंपायलरांवर उरलेले बाइट जातात, काहींवर काहीच होत नाही. नको असलेलं शेपूट टाकायचं तर नव्या ओळीपर्यंत एकेक अक्षर वाचून सोडून द्यावं, नाहीतर आधीच एफगेट्सने पूर्ण ओळ घ्यावी.

मग मी स्वतःच्या प्रोग्राममध्ये बघितलं, तर वाचनाच्या फेरीत टीसीफ्लश. ‘फ्लश केलं की सगळं नीट’ अशा समजुतीने मीच घातलेलं. टीसीफ्लश पोर्टवर आलेले पण न वाचलेले बाइट फेकून देतं. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि तेही अगदी उलटे: एफफ्लश म्हणजे हातातलं पुढे पोचवणं, टीसीफ्लश म्हणजे आलेलं ओतून टाकणं. पाठवलेलं सगळं तारेवर जाईपर्यंत थांबायचं तर टीसीड्रेन, ते तिसरंच. टीसीफ्लश आता एकदाच, पोर्ट उघडल्यावर, सुरुवातीची अर्धी ओळ झटकायला.

६ जुलै

काल अमावास्या. लाईट १२.३१ नंतर वीसेक सेकंदांनी गेली. फाइलमध्ये शेवटची नोंद १२.३० ची. १२.३१ ची नोंद एफफ्लश होऊनही नाही.

एकच ओळ गेली, तरी कारण सोडायचं नाही. एफफ्लश बाइट कर्नलच्या हाती देतं. प्रोग्राम मेला तरी ते आता सुरक्षित, पण वीज गेली तर नाही, कारण कर्नलही ते आपल्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच, काही वेळ ठेवतो. लिनक्सची नेहमीची ठेवण अशी, की अशी बदललेली पानं ३० सेकंद जुनी झाली की ती लिहायला घेतो. माझी नोंद वीस सेकंदांची होती.

त्यापुढची पायरी एफसिंक. बाइट साठवणीपर्यंत पोचल्याचं कळेपर्यंत तो परत येत नाही. क्रम पाळावा लागतो: आधी एफफ्लश, मग एफसिंक. उलट केलं तर कर्नल जे त्याच्याकडे आलंच नाही ते कुठून लिहिणार? मध्यरात्री नवी फाइल सुरू होते तेव्हा ती ज्या फोल्डरात आहे त्यालाही एकदा एफसिंक करावं लागतं, नाहीतर मजकूर आहे आणि नाव नाही अशी गत होऊ शकते.

आज दिवसभर टेबलावर प्लग उपटत बसलो. चाचणीसाठी दर सेकंदाला नोंद. नुसत्या एफफ्लशने दर वेळी शेवटच्या बऱ्याच नोंदी गेल्या. एफसिंकसकट दहा वेळा उपटून पाहिलं, दहाही वेळा स्क्रीनवर दिसलेली शेवटची नोंद फाइलमध्ये होती.

एफसिंक महाग असतो हे खरं. ३२ बाइटांसाठी कार्डावर निदान एक चार केबीचा ब्लॉक आणि वर जर्नलचं (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या नोंदवहीचं) लिखाण. सेकंदाला शंभर नोंदी असत्या तर मी गठ्ठे केले असते. दिवसाला १४४० नोंदींना मात्र हा खर्च मी आनंदाने करतो.

१४ जुलै

रात्री विजा. सकाळी प्रोग्राम थांबलेला, लॉगमध्ये ‘पोर्ट बंद झाला’. पोर्ट तर चालू होता.

केबलवर कचरा आला आणि २५६ बाइटांत एकही नवी ओळ नव्हती. बफर गच्च भरला. मी रीडला ‘उरलेली जागा’ एवढे बाइट मागतो, ती जागा शून्य झाली. शून्य बाइट मागितले तर रीड शून्य परत देतं, आणि शून्य म्हणजे पलीकडचा निघून गेला असा अर्थ मी लावला होता. आता बफर भरूनही ओळ संपली नसेल तर तो पूर्ण सोडून देतो, एक खूण लावतो आणि पुढची नवी ओळ दिसेपर्यंत येईल ते टाकत जातो. एक बाइट सी मध्ये मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्यासाठी कायम राखीव.

पेटीतला कनेक्टर खाऱ्या वाऱ्याने हिरवा पडलाय. घासून ग्रीस लावलं.

२८ जुलै

सर्व्हिस थांबवली की सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) ‘थांब’ सांगणारा टर्म सिग्नल पाठवतो आणि प्रोग्राम तिथल्या तिथे संपतो, बफरात जे असेल त्यासकट. सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एफफ्लश करणं धोक्याचं, तो नेमका प्रिंटएफच्या मध्येच आला तर बफर अर्धवट स्थितीत असतो. हँडलर फक्त एक खूण लावतो, मुख्य फेरी ती पाहून फाइल नीट बंद करते. घड्याळाचं मॉड्यूलही बसवलं, कारण या पायला स्वतःचं घड्याळ नाही आणि लाईट आल्यावर नेट नसेल तर वेळ चुकते.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळी दहानंतर पाऊस उघडला तो दुपारपर्यंत आलाच नाही. असाच दिवस हवा होता: उधाण आहे, पाऊस नाही, म्हणजे आत पाणी वाढलं तर ते खाडीचंच.

११.५२ ला लाईट गेली, १२.०३ ला आली. फाइलमध्ये ११.५२ ची नोंद आहे. पुढची १२.०४ ची. मधलं मोजलंच गेलं नाही, पण जे मोजलं ते एकही हरवलेलं नाही.

२० ऑगस्ट

आलेख कागदावर काढून आबांकडे नेला. बाहेरची पातळी चढत गेली तरी २०५ सेंटिमीटरपर्यंत आतली रेघ ६१ वर सपाट. बाहेर २०५ ओलांडलं आणि आतली रेघ उचलली. माथा येऊन गेल्यावर ७४. बाहेर पुन्हा २०५ च्या खाली आलं आणि आतली वाढ थांबली.

झडप खालून गळत असती तर आतलं पाणी सुरुवातीपासून वाढलं असतं. आबांनी रेघेवर बोट ठेवलं, म्हणाले, “मग वरच्या अंगाला आहे रे ते.” संध्याकाळच्या ओहोटीला आम्ही दोघं खाली उतरलो. डाव्या झडपेच्या वरच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या मागे, रबर फाटून आत वळलं होतं. बाहेरून बघताना ते दिसत नाही, हात घालावा लागतो. मी टेप आणायला निघालो, तोवर आबांनी सुतळीने माप घेतलं: एक वीत आणि चार बोटं.